‘हर्निया’च्या आडून

चिखलीतील आमच्या एका प्राध्यापक मित्राचे एक वृषण शस्त्रक्रियेने काढले, तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही ‘हर्निया’ असेच सांगितले. मराठी शिकवणाऱ्या आम्हांलाही नेमका शब्द उच्चारवला नाही. आपल्या भाषेत काळीज फाटते, आतडे तुटते. या अवयवाच्या वाट्याला मात्र शिवी येते, नाही तर विनोद.

ही लाज निरुपद्रवी नाही. हा कर्करोग बहुधा ऐन तारुण्यात होतो. गाठ सहसा दुखत नाही, म्हणून लपवता येते. येथे आधी तुकडा काढून तपासणे बहुधा टाळतात. जांघेतून सबंध वृषण काढून तपासल्यावरच निदान पक्के होते. म्हणजे टाके भरत असतानाच अहवालाची वाट पाहायची. मित्र सध्या ती पाहत आहे, आणि भेटायला येणारे त्याला जड उचलू नका एवढेच सांगून जातात.

वास्तविक १९७४ साली अमेरिकेत लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिनयुक्त उपचार सुरू केल्यापासून हा सर्वाधिक बऱ्या होणाऱ्या कर्करोगांपैकी एक ठरला आहे. उरलेले एक वृषणही बहुधा पितृत्वाला पुरते. युवराज सिंगच्या छातीतील गाठ याच जातकुळीची होती. २०१२ साली उपचार घेऊन तो मैदानावर परतला.

औषध आहे. शब्दही आहे, उच्चारण्याचे धैर्य तेवढे हवे. मित्राच्या संमतीने आम्ही तो येथे प्रथम लिहीत आहोत. उद्या वर्गातही उच्चारू. समोर बसलेली मुले नेमकी त्याच वयाची आहेत.