पार्सलं वाढली, पण पदरात काय पडलं?

आपल्या सांगली भागाला हळद नवी नाही आणि हळदीचा व्यापारही नवा नाही. हरिपूरच्या पेवांत हळद भरून भावाची वाट बघणारी माणसं याच मातीतली. २००५ च्या महापुरात त्या पेवांचं मोठं नुकसान झालं, पण भाव बघून माल काढायची अक्कल काही पुरात वाहून गेली नाही. अलीकडे हळकुंडं बाजारात न नेता घरीच पावडर करून मोबाइलवरून थेट गिऱ्हाइकाला विकणारे शेतकरी वाढले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र दोन-तीन वर्षं हा धंदा केलेल्या माणसाला 'राहतं किती?' असं विचारलं, की उत्तर येतं, 'जातात की रोज दहा पार्सलं!' अहो, पार्सलं किती जातात हे कुठं विचारलं? राहतं किती, ते सांगा.

बहुतेकांपाशी या प्रश्नाचं उत्तर नसतं, कारण हिशेब मांडलेलाच नसतो. धंदा सुरू कसा करावा याची प्रशिक्षणं आम्ही विस्तार खात्याची मंडळी भरपूर घेतो. सुरू झालेला धंदा नफ्यात कसा चालवावा, यावर मात्र कुणी फारसं बोलत नाही. म्हणून आज तेवढंच बोलू. माझं म्हणणं सरळ आहे. नफा वाढवायला पार्सलं वाढवायची घाई करू नका. आधी एका पार्सलात काय उरतं ते बघा.

हिशेबासाठी आकडे धरू. तुमचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही घाला. अर्धा किलो पावडरीचं पाकीट २२० रुपयांना घरपोच विकलं. हळकुंडाचा बाजारभाव किलोला १५० रुपये धरला, तर दळणातली तूट धरून माल झाला ८० रुपयांचा. दळणावळ १० रुपये, पाकीट नि लेबल १०, खोका ८, कुरिअर ७०. आता राहिली मजुरी. पाकीट भरणं, चिकटवणं, पत्ता लिहिणं, गिऱ्हाइकाच्या फोनला उत्तर देणं, पार्सल नेऊन टाकणं, यात पाव तास तरी जातो. तासाला ६० रुपये धरले तर १५ रुपये. एकूण खर्च १९३ रुपये. हाती राहिले २७.

इथं दोन ठिकाणी आपली गफलत होते. पहिली अशी, की 'हळद काय, घरचीच आहे' म्हणून तिची किंमत धरायचीच नाही. पण तीच हळद काही न करता बाजारात नेली असती तरी ८० रुपये मिळालेच असते. ते पैसे शेतीचे. धंद्याचा नफा त्यापुढं सुरू होतो. दुसरी गफलत त्याहून मोठी. पावडर चाळणं, पाकिटं भरणं, वजन करणं हे काम बहुतेक घरांत बायका करतात, तेही रानातलं नि चुलीचं काम उरकून. त्यांची मजुरी वहीत कुठंच नसते. घरची माणसं फुकट राबली म्हणून जो नफा दिसतो, तो नफा नव्हे. ती त्यांची न दिलेली मजुरी आहे.

आता परत येणाऱ्या पार्सलाचं बघा. माल पोचल्यावर पैसे द्यायची सवलत ठेवली, की दहातलं एखादं पार्सल 'नको' म्हणून परत येतं. जायचे ७०, यायचे ७०, खोका ८ नि मजुरी १५, म्हणजे १६३ रुपये पाण्यात. नऊ पार्सलांत मिळाले होते २४३. दहा पार्सलं करून उरले ८० रुपये! आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय? तेव्हा पैसे आगाऊ घ्यावेत. आगाऊ देणाऱ्याला वाटल्यास दहा रुपये कमी करावेत, परवडतं. मात्र गिऱ्हाइकानं मोबाइलवर पाठवलेल्या पावतीच्या फोटोवर विसंबू नये. पैसे आपल्या खात्यात आले का ते बघून मगच माल हलवावा.

कुरिअरचा दरही नीट समजून घ्यायला हवा. बऱ्याच ठिकाणी अर्ध्या-अर्ध्या किलोचे टप्पे असतात. अर्धा किलो हळद, वर पाकीट नि खोका, की काटा अर्ध्या किलोच्या पुढं गेलाच आणि दर लागतो पुढच्या टप्प्याचा. अशा वेळी ४०० ग्रॅमचं पाकीट करावं, वजन स्वच्छ छापावं आणि दर त्या मानानं ठेवावा. खोक्याच्या आकारावरही पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा नि त्याला साधारण ५००० नं भागायचं. ३० बाय २० बाय २० चा खोका घेतला तर आत किलोभरच माल असला तरी २.४ किलोचे पैसे पडतात. मोठा खोका म्हणजे हवा पाठवण्याचं भाडं!

खरी बचत होते ती एका पत्त्यावर जास्त माल गेल्यानं. पुण्या-मुंबईच्या एकाच सोसायटीतल्या चार घरांनी मिळून चार पाकिटं मागवली असं धरू. ८८० ऐवजी ८२० रुपये लावले. माल ३२०, दळण ४०, पाकिटं ४०, मोठा खोका १५, कुरिअर १४०, मजुरी २०, एकूण ५७५. उरले २४५. हीच चार पाकिटं चार पत्त्यांवर गेली असती तर उरले असते १०८. सवलत देऊनही दुपटीहून जास्त पदरात पडलं. शेजाऱ्याचा बेदाणा, बचत गटाची चटणी त्याच खोक्यात घातली तरी हेच गणित लागू होतं.

जाहिरातीचंही तसंच. हजार रुपयांच्या जाहिरातीनं दहा गिऱ्हाइकं आली, तर माणशी १०० रुपये पडले. पाकिटामागं उरतात २७. गिऱ्हाईक एकदाच येऊन गेलं तर धंदा बुडीतच. म्हणून नवं शोधण्याआधी जुनं सांभाळा. कुणी, कधी, किती नेलं याची वही ठेवा. घरातली पावडर संपत आली असेल तेव्हा आठवण करा. शहरात वर्षाचे मसाले उन्हाळ्यात होतात आणि आपली नवी हळद त्याच सुमाराला तयार असते. व्हॉट्सअॅपवरून एकदम सगळ्यांना निरोप धाडता, तो ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच पोचतो. तेव्हा पहिल्याच पार्सलात तशी चिठ्ठी टाका. शिवाय सगळी हळद एकदम दळून ठेवू नका. हळकुंड टिकतं, पावडरीचा वास उडतो. मागणीप्रमाणं आठवड्याला दळा आणि दळल्याची तारीख छापा. ताज्या दळणाचे दोन रुपये जास्त द्यायला गिऱ्हाईक कुरकुरत नाही.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ते चिन्ह पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी लागते. अन्न परवान्याचा क्रमांकही पाकिटावर हवाच. भेसळीच्या भीतीनं शहरातला माणूस शेतकऱ्याकडं वळतो. त्याला हे दोन्ही दिसलं की भावासाठी घासाघीस कमी होते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. गावात दहा घरं पार्सलं पाठवत असतील तर प्रत्येकानं वेगळी मोटारसायकल घेऊन तालुक्याला का पळावं? ग्रामपंचायतीची एखादी कोरडी खोली द्या, प्रमाणित काटा ठेवा, आठवड्याचे दोन दिवस ठरवा. एकत्र माल असला की कुरिअरवाला गावात येतो आणि दराचंही बोलता येतं. एकट्या-दुकट्याचं कुणी ऐकत नाही.

बंधू-भगिनींनो, येत्या महिन्यात एवढंच करा. शंभर पानी वही घ्या. दर पार्सलाला एक ओळ लिहा : आले किती, माल, दळण, पाकीट-खोका, कुरिअर, मजुरी, उरले किती. मजुरीचा रकाना कोरा ठेवू नका आणि महिनाअखेरीला ते पैसे ज्याचे त्याच्या, बहुधा जिच्या तिच्या, हातात द्या. त्यानंतर जे उरेल तो तुमचा नफा. काहीच उरत नसेल तर पाकिटाचा दर तरी बदला, नाहीतर पाठवायची रीत तरी.