जुनी फटफटी : आधी थांबायला शिकवा, मग पळायला



भाताची झोडणी उरकली, धान्य कणगीत पडले आणि हातात चार पैसे आले, की दरवर्षी अनेक घरांत एक विषय निघतो : घराला एक गाडी हवी. नवी घेण्याची ऐपत नसते. मग कोणी नात्यातल्या माणसाकडून जुनी गाडी घेतो, तर कोणी गोठ्याच्या कोपऱ्यात पाच-सात वर्षे पडून राहिलेली वडिलांची गाडी बाहेर काढतो. "जरा हात फिरवला की सुरू होईल," असे म्हणत कामाला सुरुवात होते. तो हात कोणत्या क्रमाने फिरवावा, हे आज पाहू.

भिवंडी तालुक्यात तर आता दुचाकीवाचून पान हलत नाही. मानकोली, अंजूरफाटा या बाजूला भाताच्या खाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. घरातला एक भाऊ शेत आणि म्हशी पाहतो, दुसरा गोदामात रात्रपाळीला जातो. दुधाचा रतीब असो, पडघ्याचा बाजार असो की वज्रेश्वरीचा दवाखाना, जायचे ते ट्रक आणि कंटेनरच्या रांगेतूनच. अशा रस्त्यावर गाडी किती जोरात पळते याला किंमत नाही. ती वेळेवर थांबते का, आणि अंधारात दुसऱ्याला दिसते का, याला किंमत आहे.

आपण मात्र उलटे करतो. पहिले पैसे रंगाला, दुसरे सीटच्या कव्हराला, तिसरे इंजिनाला. ब्रेक आणि टायरची वेळ येईपर्यंत खिसा रिकामा होतो. म्हणून पाना हाती घेण्याआधी वही घ्या आणि एका पानावर तीन रकाने आखा : जीव, चाल आणि रूप. गाडीचे प्रत्येक काम यांपैकी एका रकान्यात लिहा. पहिला रकाना पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. पैसे संपायचेच असतील तर ते रूपाच्या रकान्यात संपू द्या. रंग उडालेली गाडी माणसाला घरी परत आणते; ब्रेक नसलेली आणेलच असे नाही.

कोणती गाडी घ्यावी?

एके काळी खेड्यात राजदूतचे राज्य होते. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या गाडीच्या धर्तीवर काढलेली ही १७५ ची गाडी दुधाचे कॅन लादून कुठल्याही बांधावरून जाई. म्हैसूरच्या जावा-येझदीचीही तशीच ख्याती होती. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. या टू-स्ट्रोक गाड्या हौसेला उत्तम. पण त्यांचे सुटे भाग शोधत फिरावे लागते आणि पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळावे लागते. विसास एक प्रमाण असेल तर लिटरला ५० मिलि, पंचविसास एक असेल तर ४० मिलि. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेतलेच धरावे. ऑइल विसरले तर पिस्टन जाम झालाच म्हणून समजा.

रोजच्या कामाला शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी बरी. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि खेड्यातले गणितच बदलले. १९९४ साली स्प्लेंडर आली. तिचे इंजिन ९७.२ सीसीचे, त्याच मापाची इंजिने आजही निघतात. म्हणून रिंग, क्लच प्लेट, गॅस्केट तालुक्याच्या गावी मिळून जातात. बजाजच्या बॉक्सर आणि सीटी १०० यांचेही तसेच. मात्र दुकानात जाताना जुना भाग बरोबर न्या. नाव एक असले तरी साल बदलले की माप बदलते. आणखी एक सोय अशी, की १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचा नियम लागू झाला आणि गाड्यांत इंजेक्शनची पद्धत आली. त्याआधीच्या या गाड्यांना कार्बोरेटर असतो, आणि तो घरच्या ओसरीवर उघडता येतो.

सातबारा पाहता, तसे कागद पाहा

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो. आर.सी. बुकावरही कर्जाचा बोजा असतो. तो असेल तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५ घेऊन आधी तो उतरवून घ्या. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर फडक्याने पुसून आर.सी.शी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नंबर खरवडलेला दिसला तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. वडिलांच्या पश्चात गाडी वापरायची असेल तर वारसासाठी नमुना ३१ आहे. विकणाऱ्यानेही हयगय करू नये. नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विकून टाकलेल्या गाडीच्या अपघाताची भरपाई जुन्या मालकाच्या गळ्यात पडू शकते.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. निदान तिऱ्हाइताचा विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपट्टी हे खर्चही वहीत धरा. हे सारे मिळून कधी कधी गाडीच्या किमतीइतके होते. म्हणून हिशेब आधी, सौदा नंतर.

पहिला रकाना : जीव

सुरुवात ब्रेकपासून. चाक काढून ड्रम उघडा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. म्हणून आतली भुकटी फुंकून किंवा हवेच्या पंपाने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाका. लायनर झिजले असतील, तेलकट झाले असतील तर जोडी बदला. बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या दांडीशी एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत पोचला, की लायनर संपले असे समजावे. ड्रमला आतून खोल चर असतील तर तो टर्नरला दाखवा. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावात लेथवाल्यांची वाण नाही. स्विंग आर्मची बुशही तिथे मापात करून मिळते.

टायर जाड दिसतो म्हणून चांगला असतो असे नाही. त्याच्या कडेला चार आकडे असतात. ३२१४ असेल तर तो २०१४ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर. उभ्या उभ्या रबर कडक होते, बारीक भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात तोच टायर घसरतो. आरे एकेक करून बोटाने वाजवा. बद्द आवाज येईल तो आरा ढिला. चाक दोन्ही हातांनी कडेला हलवून पाहा. खटखट वाजले तर बेअरिंग बदला. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर कोन सेट गेला आहे.

चेन आणि दोन्ही चकऱ्या संचानेच बदलाव्यात. नवी चेन जुन्या चकरीवर घातली तर ती लवकर खराब होते. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. उलटी बसवली तर लॉक उडून चेन चाकात अडकू शकते. चेन ताणून तार करू नका. साधारण २० ते ३० मिलिमीटर झोल ठेवावा.

मग दिवे. जुन्या गाडीत बल्बपेक्षा अर्थची वायर जास्त वेळा बिघडते. चेसिसला जिथे ती कसलेली असते तिथला गंज पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा कसा. फ्यूज उडतो म्हणून त्या जागी तांब्याची जाड तार घालू नका. फ्यूज उडतो तेव्हा तो कुठेतरी वायर घासते आहे हे सांगत असतो. तार घातली तर पेट्रोलच्या टाकीखाली आगीची सोय होते. मागचा लाल दिवा आणि ब्रेकचा दिवा लागलाच पाहिजे.

दुसरा रकाना : चाल

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला एकदम किक मारू नका. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी प्लग न लावता किक हाताने हळू दाबा. इंजिन मोकळे फिरले तर पुढे जा. अडकले तर जोर करू नका, मिस्त्रीला बोलवा.

जुने ऑइल काढून नवे भरा. या इंजिनांत ते एक लिटरपेक्षा किंचित कमीच मावते. पंपाचे किंवा ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल चालवून घेऊ नये. या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे मोटारसायकलचेच फोर-टी ऑइल हवे.

कार्बोरेटर उघडताना हवेचा स्क्रू आधी आत फिरवून किती आटे जातो ते मोजा आणि वहीत लिहा. जोडताना तितकेच आटे बाहेर घ्या. जेटच्या भोकात सुई किंवा तार घालू नका; भोक किंचित मोठे झाले तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते. स्वच्छ पेट्रोल आणि हवेचा झोत पुरे.

टाकीत गंज असेल तर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून टाकीत रात्रभर भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. टाकीला भोक असेल तर मात्र ती तशीच वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेते आणि टाकी बाँबसारखी फुटते. हे काम टाक्या धुऊन, वाफ घालवून झाळणाऱ्या जाणकारालाच द्यावे; नाहीतर दुसरी टाकी घ्यावी.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ऊस, मका, तांदूळ यांपासूनच होते, म्हणजे आपल्याच शेतातले. पण ते ओल ओढून घेते, आणि जुन्या गाडीचे रबर त्यासाठी बनलेले नसते. म्हणून पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर नवेच घाला. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.

गाडी सुरू झाली की धूर पाहा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते. एअर फिल्टर साफ करा. सुरुवातीलाच थोडा निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील पाहावेत. ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर सतत येत असेल तर रिंगा गेल्या. बोअर करणे हे घरचे काम नाही. ते मशीनवरच करून घ्यावे आणि त्या मापाचा पिस्टन घालावा. आणि बंद गोठ्यात किंवा पडवीत इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणूस नि जनावर यांत भेद करत नाही.

तिसरा रकाना : रूप

आता पैसे उरले असतील तर रंग काढा. गंज पत्र्यापर्यंत घासा, प्राइमर द्या आणि मगच रंग. आपल्याकडच्या पावसात प्राइमरशिवाय दिलेला रंग दिवाळीलाच फुगतो. आर.सी.वर लिहिलेला रंगच ठेवा, म्हणजे कार्यालयाचा खेटा वाचेल. मडगार्डच्या आतली बाजू आणि बॅटरीखालचा पत्रा विसरू नका. खाचरातला चिखल तिथेच साठतो आणि आतून पत्रा खातो.

पहिली फेरी शेताच्या वाटेवर घ्या, हायवेवर नको. सावकाश चालवून दोन्ही ब्रेक दहा-वीस वेळा लावून पाहा. घरी येऊन प्रत्येक नट पुन्हा तपासा. नव्याने कसलेले नट पहिल्या फेरीत सैल होतात. चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही हेल्मेट हवेच. त्याचा खर्च पहिल्या रकान्यात लिहा.

हे काम रोज संध्याकाळी तासभर केले तर महिनाभर चालते. काढलेले नट-बोल्ट डब्यांत वेगवेगळे ठेवा, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावा, आणि उघडण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. मुलांना हाताशी घ्या. मुलीच्याही हातात पाना द्या. उद्या तीच गाडी घेऊन कॉलेजला जाणार आहे, आणि वाटेत चेन उतरली तर तिला ती चढवता आली पाहिजे. वही मात्र फेकू नका. ऑइल कधी बदलले, लायनर कधी घातले, टायर कोणत्या सालचा, हे तारखेनिशी लिहीत राहा. पाऊस संपला, की ते पान काढून पहिला रकाना पुन्हा एकदा वरून खाली तपासा.