हुमणी एक कीं अनेक?

वळवाचा पाऊस झाला म्हणजे कडुलिंब, बाभूळ व बोर यांवर रात्रीं भुंगेरे जमतात, आणि पुढें भाद्रपदांत वाळलेलें उसाचें बेट हातानें सहज उपटून येतें, हा अनुभव वाचकांस नवा नाहीं. परंतु ज्या किडीस आपण सरसकट हुमणी म्हणतों ती एकच जात नव्हे, हें पुष्कळांच्या ध्यानीं येत नाहीं. आणि उपाय फसण्याचें एक मोठें कारण आमच्या मतें हेंच आहे.

तलाठ्याचें दप्तर ज्यांनीं चाळलें आहे त्यांस ठाऊक आहे कीं, एका गांवांत एकाच नांवाचे दोन खातेदार असूं शकतात. केवळ नांवावर फेरफार धरला तर एकाची जमीन दुसऱ्याच्या खातीं चढते; म्हणून गट नंबर व चतुःसीमा पाहाव्या लागतात. कीटकांत ही चतुःसीमा म्हणजे नराचें जननेंद्रिय होय. ऐकून कोणी हंसेल, हंसो बापडा.

माळावरील हुमणींत होलोट्रिकिया सेराटा व तिचीच भाऊबंद फिसा या दोन जाती प्रमुख. दोहोंचे भुंगेरे तपकिरी; शिवाय एकाच जातींतही रंग व आकार कमीजास्त असतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबणें धोक्याचें. नराच्या पोटांतील तो अवयव मात्र कठीण कवचाचा असतो, वाळल्यावरही त्याची घडण टिकते, आणि त्याच्या टोंकाच्या दोन पाकळ्या जातीगणिक निराळ्या असतात. मेलेला भुंगेरा कोमट पाण्यांत मऊ करावा, पोटाच्या टोंकाकडून टांचणीनें तो भाग हलकेच बाहेर घ्यावा व भिंगाखालीं पाहावा. फ्रेंच वैद्य लिआँ द्युफूर यांनीं 1844 सालीं यास कुलूप-किल्लीची उपमा दिली. ती आज सर्वांस मान्य नाहीं, पण ओळख पटविण्यास त्यानें अडत नाहीं. गुहांतील बिनपंखी रातकिड्यांस तर गाणेंही नसतें. त्यांच्या जवळच्या जातीही अशाच निवडतात.

आतां याचा खर्चाशीं संबंध पाहा. कृष्णा-पंचगंगेच्या कांठची हुमणी, म्हणजे ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, हिचे भुंगेरे सेराटाप्रमाणें पाला खाण्यास झाडांवर जमत नाहींत. तेथें रात्रभर कडुलिंब झोडपणें म्हणजे मजुरी पाण्यांत. गंधाच्या सापळ्यांचेंही तसेंच. राजस्थान-गुजरातेकडील कन्सँग्विनिया या जातीची मादी अनिसोल नांवाच्या द्रव्यानें भुंगेरे बोलावते, असें 1996 सालीं प्रसिद्ध झालें. पण बहीण जातीस तोच गंध लागू पडेल असें धरून चालणें ही निव्वळ अटकळ होय. दुकानदारास मात्र सर्व हुमणी सारखीच.

यास्तव आमची सूचना अशी कीं, यंदा जमविलेले सर्वच भुंगेरे रॉकेलच्या पाण्यांत न बुडवितां, मंडळानें प्रत्येक गांवाहून वीस-पंचवीस वेगळे राखावे. मिशांचा पंखा मोठा तो बहुधा नर. आमच्या कसबा पेठेपासून आकुर्डी कांहीं काशी-रामेश्वर नव्हे. तेथें भारतीय प्राणी सर्वेक्षणाचें पश्चिम विभागीय केंद्र आहे, व राहुरीस कृषि विद्यापीठ आहे. नमुने नीट असल्यास जाणत्यांस नांव सांगतां येईल. गांव, शेताचा गट, झाड व तारीख यांची चिठ्ठी बाटलींतच घालावी, आणि ती शिसपेन्सिलीनें लिहावी. स्पिरिटांत शाई उतरते.

— एक निवृत्त महसूल कारकून, कसबा पेठ, पुणें