आधी तीन सूर, मग सोलो

ब्लूज हार्मोनिका शिकायला येणारी मुलं हल्ली छिद्रांचे आकडे पाठ करूनच येतात. उस्तादांचे तुकडे झरझर वाजवतात. पण गिटारवाल्याने बारा बारची चाल धरून ‘आता तुझं वाजव’ म्हटलं, की पाचव्या बारला हरवतात. यात मुलांचा दोष नाही, शिकवण्याच्या क्रमाचा आहे. ऐनवेळी सुचायला हवं असेल, तर सुरुवातीला हाताशी सूर कमीच हवेत, असं माझं ठाम मत आहे.

मी आधी तीनच छिद्रं देतो. हार्मोनिका ‘सी’चा घ्यायचा आणि वाजवायचं ‘जी’मध्ये. दुसऱ्या छिद्रातून श्वास आत ओढला की सा, तिसऱ्यातून शुद्ध ग, चौथ्यातून प. तिसरं छिद्र ओढताना जीभ किंचित मागे घेतली, की ग खाली उतरू लागतो. शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या त्या जागेत ब्लूजचा जीव आहे. ती हमखास सापडायला महिने लागतात, लागू द्यावेत.

सोलोचा आराखडा गाण्यातच असतो. ब्लूजच्या कडव्यात बहुधा पहिली ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात आणि तिसरीत तिला उत्तर देतात. ओळीला चार बार: साधारण दोन गाणाऱ्याचे, उरलेले वाद्याचे. सोलोतही दोन बार बोलावं, दोन बार थांबावं. दुसऱ्या ओळीला साथीचा कॉर्ड बदलतो, त्यामुळे तोच तुकडा वेगळा ऐकू येतो. हा फरक कानाला कळला, की तिसऱ्या ओळीचं उत्तर आपोआप सुचू लागतं.

हार्मोनिकावादक लिटल वॉल्टरने १९५२ मध्ये शिकागोत ‘ज्यूक’ ध्वनिमुद्रित केलं. शब्द नसलेली ही रचना बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. तिची सुरुवात ऐका. एक छोटा चढता तुकडा पुन्हा पुन्हा येतो आणि मनात पक्का बसतो. करामती त्यानंतर येतात, म्हणून त्या भिडतात.

शिक्षकांना माझी विनंती आहे: पहिले काही महिने आकड्यांचे कागद बाजूला ठेवा. तीन सूर द्या, बारा बार मोजायला लावा आणि थांबायला शिकवा. एवढं जमलेल्या मुलाला चौथा सूर मागायची गरज पडेल, तेव्हाच तो द्या.