नारळीकरांना पडद्यावर जिंकवू नका

चरित्रपट आणि वेबमालिका करणाऱ्या निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथाकारांस,



विश्वशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या पत्नी, गणितज्ञ मंगलाताई त्याआधी, जुलै २०२३ मध्ये गेल्या होत्या. चरित्रपटांचा सध्याचा ओघ पाहता या दोघांवर आज ना उद्या कोणीतरी सिनेमा काढणार, हे मी धरून चालले आहे. तो निघावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण पटकथा लिहायला बसण्यापूर्वी खर्डीतल्या एका विज्ञान शिक्षिकेचे म्हणणे ऐकून घ्या.

माझ्या वर्गात आजूबाजूच्या पाड्यांवरची मुले येतात. विज्ञानाचा इतिहास त्यांच्यापर्यंत पुस्तकाआधी मोबाइलवरून पोहोचतो आणि पडद्यावर पाहिलेले मनातून पुसता पुसत नाही. २०१५च्या जानेवारीत शिवकर बापूजी तळपदे यांच्यावरचा ‘हवाईजादा’ चित्रपट आला. तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, असा दावा आहे. त्याला भक्कम पुरावा नाही. या गोष्टीशी ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचे नाव जोडतात, त्यातली विमाने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ साली तपासली आणि ती उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष काढला. पडद्यावर मात्र विमान उडाले. “बाई, विमान आधी आपणच केलं ना?” असे मुले विचारतात, तेव्हा मला त्या विमानाला वर्गात पुन्हा जमिनीवर आणावे लागते. मुलांचे चेहरे उतरतात. त्यांचा काही दोष नाही.

नारळीकरांच्या बाबतीत हाच मोह आणखी जबर असणार. केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर, म्हणजे गणितात पहिला आलेला, फ्रेड हॉइल यांचा शिष्य, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण आणि सगळे जग महास्फोटाच्या सिद्धांताकडे वळले तरी आपल्या मतावर ठाम राहिलेला मराठी माणूस. एकटा वीर विरुद्ध पाश्चात्त्यांची टोळी, असा आराखडा कोणालाही पटकन सुचेल. माझी कळकळीची विनंती आहे, तो बाजूला ठेवा.

नारळीकर ज्या मतावर ठाम राहिले तो स्थिर विश्वाचा सिद्धांत बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी १९४८ साली मांडला. विश्व प्रसरण पावते, पण त्याला आरंभ नाही. आकाशगंगा दूर जाताना मधल्या जागेत नवे द्रव्य अगदी संथपणे निर्माण होत राहते आणि एकंदर चित्र तेच राहते, असे त्याचे म्हणणे. त्या काळी ही कल्पना अजिबात वेडगळ नव्हती. पुढे मार्टिन राइल यांनी रेडिओस्रोतांची मोजणी करून सांगितले की दूरवर, म्हणजे भूतकाळात, विश्व आजच्यासारखे दिसत नाही. १९६१च्या फेब्रुवारीत रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत राइल यांना उत्तर द्यायचे होते, आणि हॉइल यांनी आपल्या जागी पाठवले ते बावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याला, नारळीकरांना. हा प्रसंग सिनेमात हवाच. पण तो मुलगा उभा राहिला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, एवढ्यावर थांबू नका. त्याच्या हातात आकडेमोड होती, ती दाखवा. आणि पुढची मोजमापे राइल यांच्याच बाजूने गेली, हेही तितक्याच स्पष्टपणे दाखवा.

दुसरा प्रसंग जून १९६४चा. वस्तूचे जडत्व तिचे एकटीचे नसते, विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तुमानाशी ते बांधलेले असते, हा माखचा विचार घेऊन हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत रॉयल सोसायटीत मांडला. तिथे तरुण स्टीफन हॉकिंग उठून म्हणाले की प्रसरणाऱ्या विश्वात सगळ्या वस्तुमानाच्या प्रभावांची तुमची बेरीज अनंतात जाते. बीबीसीच्या २००४च्या ‘हॉकिंग’ चित्रपटात हा प्रसंग आहे. नारळीकरही त्यात एक पात्र म्हणून येतात, पण तो खेळ साहजिकच हॉकिंगचा आहे. आपल्याकडच्या सिनेमात तोच प्रसंग पलीकडच्या खुर्चीवरून दिसू शकतो. सूड म्हणून हॉकिंगना खलनायक करू नका. आक्षेप गणिताचा होता आणि शास्त्रज्ञाचा अपमान तसल्या आक्षेपाने होत नसतो. शास्त्रज्ञांच्या मालिकेत काल्पनिक खलनायक घातला की काय होते, ते ‘रॉकेट बॉइज’मधल्या रझा मेहदी या पात्राने दाखवले आहे. अनेकांना त्यात शास्त्रज्ञ मेघनाद साहांची छाया दिसली आणि एका थोर माणसाला विनाकारण काळिमा लागला.

१९६५ साली पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या प्रत्येक दिशेने येणारे मंद सूक्ष्मतरंग सापडले, आणि ती महास्फोटाची उरलेली खूण मानून बहुतेक शास्त्रज्ञांनी त्या सिद्धांताची बाजू घेतली. नारळीकर तरी थांबले नाहीत. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सिद्धांत बदलून मांडला: विश्व दीर्घकाळ प्रसरण पावते आहे, पण त्यातच ४० ते ५० अब्ज वर्षांचे आकुंचन-प्रसरणाचे हेलकावे आहेत, आणि ते सूक्ष्मतरंग म्हणजे लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनी विखुरलेला ताऱ्यांचा जुना प्रकाश. बहुतेकांना हे पटले नाही. आजही पटत नाही. मला मात्र त्यांची ही वर्षे सगळ्यात मोलाची वाटतात. पुरावा विरुद्ध गेल्यावर ते रुसले नाहीत, कट झाल्याची ओरड केली नाही. सिद्धांत दुरुस्त केला, पुन्हा तपासायला दिला आणि त्याच वेळी आयुका या आपल्या खगोलशास्त्र संस्थेत विरुद्ध मताच्या तरुणांना जागा दिली. १९८८ साली उभारलेल्या त्या संस्थेत महास्फोटावर काम करणाऱ्यांना कोणी दार बंद केले नाही.

इथे आणखी एक सापळा आहे. आरंभ नसलेले, युगांसारखे हेलकावे खाणारे विश्व, आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी आणि घर बनारसचे! पार्श्वसंगीतात मंत्र घालून ‘आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होते’ असे सुचवायला कितीसा वेळ लागतो? कृपा करून हे करू नका. नारळीकरांनी असल्या दाव्यांचा आयुष्यभर प्रतिवाद केला. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली: १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका, २७ ज्योतिषी, प्रत्येकाकडे ४० पत्रिका. अंदाज बरोबर निघाले सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी साधारण इतकेच निघाले असते. त्या माणसाच्या तोंडी ऋषींची वाक्ये घालणे म्हणजे त्याच्या अख्ख्या आयुष्यावर पाणी फिरवणे.

आता घर. मंगलाताई राजवाडे मुंबई विद्यापीठात एमएला १९६४ साली पहिल्या आल्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करू लागल्या, १९६६ साली लग्न करून केंब्रिजला गेल्या आणि तिथे शिकवूही लागल्या. पीएचडी झाली १९८१ साली, तीन मुली आणि घर सांभाळून. आपल्या पिढीच्या शिकलेल्या बायकांनी संसार आधी आणि काम नंतर ठेवले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांना कपात चहा ओतणारी, दारात उभी राहून नवऱ्याकडे कौतुकाने पाहणारी बायको केलीत तर आम्हा बायकांना ते सहन होणार नाही. ‘ध्यासपर्व’मध्ये अमोल पालेकरांनी र. धों. कर्वे यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी मालतीबाईंनाही पूर्ण उभे केले. संततिनियमनाचे काम त्या घरात दोघांनी झेलले, हे त्या सिनेमाने आपल्याला कळवले. डार्विनवरच्या ‘क्रिएशन’मध्येही त्यांच्या पत्नी एमाचे दुःख आणि श्रद्धा यांना पूर्ण जागा आहे, त्यांची मुलगी ॲनी १८५१ साली दहाव्या वर्षी गेली ती जखम दोघांची आहे. म्हणजे असे करता येते.

मंगलाताईंचा वाद तर आमच्याच शाळेच्या दाराशी आला होता. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ असे संख्यावाचन आले आणि बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष म्हणून टीका त्यांच्यावर झाली. विधानसभेपर्यंत थट्टा पोहोचली. मी ‘पंचवीस’ म्हटल्यावर पाटीवर ५२ लिहिणारे पोर पाहिले आहे. पाच आधी ऐकू आले म्हणून पाच आधी लिहिले. त्याचे तर्कशास्त्र बरोबरच होते. घरी निराळी बोली बोलणाऱ्या ठाकूर, कातकरी मुलांचे हाल याहून जास्त. जुनी पद्धत पुस्तकातून काढलेली नव्हती, नवी तिच्या जोडीला दिली होती. ही गोष्ट सिनेमात नवऱ्याच्या विश्वाइतकीच मोठी आहे, असे माझे मत आहे. एका घरात एकाने विश्वाच्या आरंभावर वाद घातला, दुसरीने एकवीसच्या उच्चारावर.

तुमच्या अडचणी मला कळतात. दोन तासांत गणित कसे दाखवायचे? पण नारळीकरांच्या बनारसच्या घरातल्या भिंतीवर फळा होता, आणि त्यांचे मोरूमामा त्यावर ‘जेव्हीएन’साठी, म्हणजे छोट्या जयंतसाठी, आव्हान म्हणून गणिते लिहून ठेवत. सिनेमा तिथे थांबू द्या. पोर फळ्यासमोर अडले आहे, पुसते आहे, पुन्हा लिहिते आहे. दोन मिनिटे तेवढेच दाखवा. प्रेक्षक उठून जाणार नाहीत.

शेवटची मागणी व्यवहाराची आहे. पटकथा नारळीकरांशी असहमत असलेल्या एखाद्या विश्वशास्त्रज्ञाकडून वाचून घ्या. कोणते प्रसंग कल्पनेतले आहेत आणि सिद्धांताबद्दल आजचे मत काय, हे दोन पानांत साध्या मराठीत छापून शाळांना द्या. सिनेमा लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुले प्रश्न घेऊन येतील. ती दोन पाने तेव्हा माझ्या हातात हवीत.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
खर्डी, ता. शहापूर, जि. ठाणे