दादासाहेबांचा सातबारा



डिसेंबर लागला की आमच्या विठ्ठलवाडीत निळे बॅनर चढतात. सहा तारखेचे. ते उतरतात न उतरतात तोच एकोणतीस तारीख येते नि निघून जाते, कुणाला पत्ता नसतो. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गायकवाड गेले. मागल्या साली मी गोदीतली पाळी संपवून घरी येत होतो, नाक्यावर पोरं उभी होती. विचारलं, दादासाहेब गायकवाड कोण रे? एक म्हणाला, खासदार होते ना? दुसरा म्हणाला, त्यांच्या नावाची सरकारी योजना आहे. दोघांचंही बरोबर. म्हणूनच लिहायला बसलो.

खासदार होतेच. भाऊराव कृष्णराव गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, जन्म १९०२ चा. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्याचा नाशकातला सगळा भार ह्या माणसाच्या खांद्यावर. १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात नाशिकमधून लोकसभेत. १९६२ ते १९६८ राज्यसभेत. १९६८ ला पद्मश्री. पुढाऱ्याचं चरित्र इथं संपतं, पुतळ्याखाली कोरायला एवढं पुरतं.

माझ्या आज्याला ह्यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होती जमीन. १९५९ साली दादासाहेबांनी खानदेश-मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, तेव्हा आजा पोरगा होता. १९६४ ला तो विशीत आलेला. तेव्हा दादासाहेब राज्यसभेत होते. दिल्लीचा बंगला, भत्ता, पहिल्या वर्गाचा पास, सगळं हाताशी. तरी त्यांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हातात मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरपासून देशभर कचेऱ्यांवर माणसं नेली. ३ लाखांवर लोक तुरुंगात गेले, असा चळवळीचा हिशोब. त्यांत आमचा म्हातारा एक. तो सांगायचा, "जेलात दोन टाइम भाकरी भेटायची. गावात एक टाइमची पंचाईत."

ती सनद पुन्हा एकदा वाचा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. पडीक नि सरकारी जमीन भूमिहीनांना द्या. धान्याचे भाव आटोक्यात आणा. मजुरीचा किमान दर पाळा. बौद्धांना सवलती द्या. झोपडपट्टीतल्या माणसांची दशा सुधारा. होय, झोपडपट्टी. खेड्यातला हा धोतरवाला १९६४ साली आपल्या पत्र्याच्या खोल्यांबद्दल बोलत होता.

धोतरवाला म्हटलं, कारण त्यांना हिणवायला हाच शब्द वापरला गेला. रिपब्लिकन पक्षाला जेमतेम दोन वर्षं होत होती तोवर दुरुस्त आणि नादुरुस्त असे तुकडे पडले. सूटवाले वकील एका बाजूला, धोतरवाले दुसऱ्या बाजूला. कमी शिकलेला माणूस कम्युनिस्टांच्या नादी लागून रस्त्यावर उतरतो, घटनेची वाट सोडतो, असा बोभाटा झाला. मी मॅट्रिक. गोदीत स्टीलच्या कॉइलींना साखळ्या घालतो. शिकलेल्या माणसाचं हे हसू मला चांगलं ओळखता येतं.

पण आरतीही ओवाळायची नाही. १९६७ ला त्याच दादासाहेबांच्या गटानं काँग्रेसशी समझोता केला. ज्या वाड्यांनी आपल्या माणसांना गायरानातून हाकललं, त्या वाड्यांचीच काँग्रेस. जिल्हा परिषदेच्या चार खुर्च्यांसाठी जेलात गेलेल्या माणसांचा हिशोब मिटवला गेला. आजा ह्या विषयावर बोलायचाच नाही, तंबाखू मळत बसायचा. त्या वाटेनं पुढं किती गेले ते मोजायला बोटं पुरायची नाहीत. पक्ष सोडून आधीच काँग्रेसवासी झालेले रा. धों. भंडारे १९६७ ला खासदार झाले, १९७३ ला बिहारचे राज्यपाल. त्यांनी मोकळ्या केलेल्या जागेच्या पोटनिवडणुकीवर १९७४ च्या जानेवारीत पँथरनं बहिष्कार टाकला. वरळी पेटली. भागवत जाधव गेला.

मग पँथरनं काय केलं? १९७३ च्या जाहीरनाम्यात जमीन होती. पण शहरातल्या आपल्यासारख्यांना शिवी जमली, कविता जमली, गायरान काही जमलं नाही. समझोत्याबद्दल दादासाहेबांना दलाल म्हणून आपण मोकळे झालो. त्यांची सनद उचलायची कुणी, हे कुणी विचारलं नाही.

तैलचित्र लागलं, १९९० साली. बौद्धांच्या केंद्रातल्या सवलतीही त्याच साली. दोन्ही व्हायलाच हवं होतं. जमिनीचं काय? २००४ साली सरकारनं दादासाहेबांच्याच नावानं योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायत. आता तर पूर्ण अनुदान. फक्त ती जमीन मालकाकडून विकत घ्यायची, मालकाची मर्जी असेल तर, आणि सरकारनं ठरवलेल्या दरात. माझा चुलता गावातल्या एका जमीनवाल्याकडे विचारायला गेला. तो हसला नि म्हणाला, ह्या भावात तुला बांध पण यायचा नाही. जो माणूस कसणाऱ्याला जमीन द्या म्हणत जेलात गेला, त्याच्या नावानं मालकाच्या दारात उभं राहायचं!

आणि इथं? हे उल्हासनगर १९४९ साली लष्करी छावणीच्या बराकींवर उभं राहिलं, फाळणीत सिंधमधून उखडलेल्या माणसांसाठी. राग नाही. त्यांना जागा मिळाली ते रास्तच झालं. सरकारनं मनावर घेतलं की जमीन देता येते, एवढंच त्यातून दिसतं. २००६ साली ह्याच शहरातली बेकायदा बांधकामं नियमित करायला खास कायदा झाला. आमची वालधुनीच्या काठची खोली मात्र अजून अतिक्रमणच. १९७२ च्या दुष्काळात आजा इथं आला, इथंच मेला. त्याच्या नावावर ना गावात वावर, ना इथं दहा बाय दहा.

पुढच्या अंकासाठी एक काम. ज्यांच्या घरात १९५९ ला नाहीतर १९६४ ला जेलात गेलेलं माणूस होतं, बाई असो की बाप्या, त्यांनी लिहून पाठवा. गाव कुठलं, कुठल्या गायरानासाठी गेलं, किती दिवस आत होतं, आणि ते गायरान आज कुणाच्या नावावर आहे. सातबाऱ्याचा उतारा मिळाला तर जोडा. अक्षर कसंही चालेल.