दम आणि दंड

साकोलीचे नाव निघाले की शहरी मित्रांना नागझिऱ्याचे जंगल आठवते. मला आठवतात ती पहाटे मुंबई-कोलकाता महामार्गाच्या कडेने धावणारी पोरे! बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती. दम उत्तम, पण हाती गोळा दिला की खांदे कुरकुरू लागतात. आता हिशेब पाहा. भरतीच्या मैदानी चाचणीचे गुण 50. त्यांत 1600 मीटर धावण्याला (मुलींसाठी 800 मीटर) 20, शंभर मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. नुसत्या पायांवर नोकरी मिळत नाही, ती अशी.

उलट, व्यायामशाळेतले काही वीर असे की दंड पाहावेत तर डोळे दिपावेत, आणि दोन जिने चढले की धाप लागावी.

खरे म्हणजे दोहोंची जोडी हवी. धावणे, पोहणे, सायकल यांनी हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते. जोर-बैठकांनी स्नायू आणि हाडे बळावतात. हाडांची पुंजी बरीचशी याच वयात साठते. पुढे जन्मभर तिच्यावरच निर्वाह! वजन उचलल्याने उंची खुंटते ही आईमंडळींची भीती मात्र निराधार आहे. अट एवढीच, की वजन बेताचे असावे आणि शिकवणारा जाणता असावा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले, की 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटे अंग हलवावे आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. 2016 सालच्या आकडेवारीप्रमाणे 11 ते 17 वयाची जगातील 81 टक्के मुले एवढीही हालचाल करीत नव्हती.

आपल्याला हे नवे का वाटावे? रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या बांधीत राबणाऱ्यांना दोन्ही व्यायाम आपसूक घडतात. खो-खोने दम आणि मल्लखांबाने पकड, ही आपलीच विद्या. 1914 साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिनला देशी व्यायामाची प्रात्यक्षिके करून दाखविली होती!

तेव्हा पालकहो, हा बेत घरच्या भिंतीवर लावा. सोमवार, बुधवार, शुक्रवार जोर, बैठका, दोरीवरच्या उड्या आणि सिंगलबारला लोंबकळून अंग वर खेचणे. मंगळवार, गुरुवार, शनिवार धावणे किंवा सायकल. आधी दहा मिनिटे अंग मोकळे करावे. दर आठवड्याला थोडेच वाढवावे. सांधा दुखला तर थांबावे. पोटाला वरण, उसळ, दूध, जमल्यास अंडी. रात्री पुरती झोप. रविवारी खेळ, आणि त्यात तुम्हीही उतरा. मुलींना वगळू नका. हाडे त्यांनाही आहेत!

खर्च दोरीपुरता. शिकवणीच्या फीपुढे तो काहीच नाही, आणि शिकवणीला बसायला देखील पाठीचा कणा ताठ लागतोच की!